मेल लाव आन् जा

आमच्या ऑफिसला खिडकी आहे, पण ती गोडाऊनच्या आतल्या बाजूला उघडते. पडघ्याच्या अलीकडे, हायवे सोडून थोडं आत आलं की केणे कुटुंबाची तीन गोडाऊनं लागतात. मधल्या गोडाऊनमध्ये लोखंडी जिना चढून गेलं की काचेची केबिन आहे. तिथे बसलं की खाली रॅक दिसतात, हमाल दिसतात, मागेपुढे करणारी फोर्कलिफ्ट दिसते. बाहेर ऊन आहे की ढग, हे विचारायला मात्र गेटवर फोन करावा लागतो. लग्न होऊन मी या घरात आले त्याच वर्षी आमचा कॉम्प्युटर ऑपरेटर काम सोडून गेला. सासरे म्हणाले, चार दिवस तू बस जरा. ते चार दिवस सहा वर्षं चालले.

सासऱ्यांचं नाव चांगदेव केणे. मी त्यांना मामा म्हणते. भाताची शेतं होती तिथे त्यांनी गोडाऊनं बांधली आणि कंपन्यांना भाड्याने दिली. एकात टीव्ही आहेत, एकात शांपू, एकात लहान मुलांचे डायपर. माणूस सरळ आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना खलनायक ठरवाल. माझ्यावर ते कधी आवाज चढवून बोललेले नाहीत. फक्त घरातलं माणूस कामाला बसलं की तेसुद्धा एक दिवस उठून जाऊ शकतं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कुणी घातलीच नव्हती.

माझं शिक्षण मेल लिहिण्याचं नाही. मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. लग्नाआधी कल्याणच्या एका रक्तपेढीत वर्षभर होते. रक्ताची पिशवी पेशंटला चालेल की नाही हे तपासून मी सही करायचे, आणि त्या सहीवर पिशवी बाहेर पडायची. विशी पार केलेली मी एक मुलगी, माहेरून, खारबावहून गाडीने जायचे-यायचे, आणि माझ्या सहीला एवढा मान होता. आता माझ्या हातून जातं ते सगळं मामांच्या सहीने जातं. मी लिहायचं, खाली चांगदेव केणे.

गेल्या गणपतीच्या आधी माझ्या जुन्या इन्चार्ज विनिता मॅडमचा फोन आला. पेढीत एक जागा निघाली होती. 'अजून हात बसलेला आहे का?' एवढंच त्यांनी विचारलं, आणि मला रडू फुटलं. त्यांनी अर्ज मेलवर पाठवायला सांगितला.

आमच्या घरात मेल एकच, कंपनीची. घरातले सगळे तोच पत्ता देतात. सासूबाईंचा गॅस, माझ्या नवऱ्याचा विमा, आमच्या मुलीच्या, रीमाच्या शाळेच्या सूचना, धाकट्या दिराच्या क्रिकेट टुर्नामेंटची बोलावणी, सगळं त्याच पेटीत येऊन पडतं, शांपूच्या गाड्यांच्या शेजारी. माझी कॉलेजातली मेल होती, पण लग्नानंतर नंबर बदलला आणि तिचा ओटीपी अजून जुन्या नंबरवर जातो. तो नंबर आता कुणाकडे आहे देव जाणे. मग मीही अर्ज कंपनीच्या मेलवरून केला. मॅडमचा पत्ता रीतसर पत्त्यांच्या यादीत ठेवला, कारण मला तशी सवय आहे, सगळं जागच्या जागी ठेवायची.

निवड झाली. दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं की सोमवार म्हणजे सोमवार, कारण मागे दुसरी मुलगी थांबून आहे.

घरात हे सांगायचं काम माझ्या नवऱ्याचं, देवेशचं. देवेश चांगला आहे, पण वडिलांसमोर त्याचं अर्धं वाक्य घशातच राहतं. त्याने आठवडा लावला आणि शेवटी जेवताना सांगून टाकलं. मामांनी ताटातला मासा संपवला, हात धुतले, आणि मग म्हणाले:

"मी कोनाला बांधून न्हाय ठेवला. पन धनेशला सगला दाखवून दे. मेल लाव आन् जा."

धनेश म्हणजे माझा दीर, सत्तावीस वर्षांचा, टेनिस बॉलवर षटकार मारण्यात तालुक्यात नाव असलेला. त्याला मेल शिकवणं म्हणजे डोक्याला ताप होता, पण मी खूश होते. मेल मार्गी लावून द्यायची एवढीच अट होती, आणि ती पुरी करता येण्याजोगी होती.

आणि तेवढ्यात कॉम्प्युटर गेला.

पितृपक्षात गेला. स्क्रीन काळी झाली ती झालीच. भिवंडीहून मनोजला बोलावलं. मनोज आमचा कॉम्प्युटरवाला, बोलतो अर्धं हिंदीत आणि बिल करतो पूर्ण इंग्रजीत. त्याने खोलून पाहिलं, फुंकर मारली, आणि 'भाभी, ये तो गया' म्हणून काखा वर केल्या. नवा घ्यायचा तर मामा म्हणाले, पितरांच्या दिवसांत नवी वस्तू दारात नको. पितृपक्ष सरला, घट बसले, तर म्हणाले, आता एवढं थांबलो तर दसऱ्यालाच लावू. नव्या आलेल्या मेल मी मोबाईलवर बघत होते आणि रोज कॅलेंडरवर सोमवार बघत होते.

जुन्या मेलचं मात्र तसं नव्हतं. अगदी पहिल्या कॉम्प्युटरवाल्याने अशी सोय करून ठेवली होती की मेल आमच्या मशीनवर उतरली की तिकडून पुसली जायची. म्हणजे सगळ्या वर्षांच्या मेल, भाड्याचे करार, कुणी कधी काय कबूल केलं, सगळं त्या मेलेल्या मशीनमध्ये. आणि माझ्या बॅकअपमध्ये. दर शनिवारी मी मेलची ती एक मोठी फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवायचे, जुनी पुसून नवी. डिस्क घरी न्यायचे आणि सासूबाई ती कपाटात सोन्याच्या डब्याशेजारी ठेवायच्या. त्यांना आम्ही आई म्हणतो, बाकी गाव गोदूबाई म्हणतं. एवढं जपून ठेवायला सांगितलं म्हणजे वस्तू लाखमोलाची असणार, असं धरून त्यांनी डिस्कला खणाचं कापड गुंडाळलं होतं.

दसऱ्याला नवा कॉम्प्युटर केबिनमध्ये मांडला. झेंडूचा हार घातला, कीबोर्डवर आपट्याची पानं ठेवली. आईंनी डिस्कलाही हळदकुंकू लावलं, आणि ते नेमकं वायर घालायच्या भोकात गेलं. मी काडीला कापूस लावून ते काढत बसले. त्या दिवशी मशीन चालू करायचं नाही, पूजेच्या दिवशी यंत्राला सुट्टी असते. म्हणजे माझ्या हातात शुक्रवार आणि शनिवार राहिले.

शुक्रवारी मनोज आला. मेलचा प्रोग्राम टाकला, खातं जोडलं, आणि डिस्क लावून फाइल उघडली. मी म्हटलं, आधी फाइल मशीनवर उतरवून घे, मग उघड. तो म्हणाला, 'कायको टाइम वेस्ट, डायरेक्ट खुलेगा.' आणि खरंच उघडली. डाव्या बाजूला माझे फोल्डर एकेक करून खाली यायला लागले, टीव्हीवाले, शांपूवाले, डायपरवाले, ग्रामपंचायत, वीज. मी खुर्चीच्या पाठीला टेकून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मनोजला चहा सांगायला दारापर्यंत गेले असेन.

तेवढ्यात धनेश आत आला. मोबाईल चार्जिंगला लावायचा होता. समोर एक वायर दिसली, ती त्याने ओढून काढली आणि तिच्या जागी आपली लावली.

ती डिस्कची वायर होती. स्क्रीनवर सगळं गोठलं. मनोजने डिस्क परत जोडली, तर प्रोग्राम म्हणतो ही मेलची फाइल नाही. परत बंद, परत चालू, परत तेच. मनोजचा चेहरा बघूनच मला कळलं. फाइल लिहिली जात असताना तुटली होती. आणि दर शनिवारी जुनी पुसून नवी ठेवायची माझी टापटीप अशी, की दुसरी प्रत नव्हतीच.

धनेश म्हणाला, "वहिनी, मला काय माहीत? चार्जरच वाटली." त्याला मारावंसं वाटलं, खरंच सांगते. मी काही बोलले नाही. बोलले असते तर मामा खालून वर आले असते, आणि मग शुक्रवार भांडणातच गेला असता.

मनोजने सांगितलं की मेल दुरुस्त करायचा एक छोटा प्रोग्राम असतो, तो चालवून बघता येईल, पण फाइल मोठी आहे, वेळ लागेल आणि खात्री नाही. त्याला दुसरं गिऱ्हाईक होतं, तो निघून गेला. मी तुटलेल्या फाइलची आधी एक प्रत मशीनवर घेतली, आणि दुरुस्ती प्रतीवर लावली. हिरवी पट्टी सरकायला लागली. आठ टप्पे होते. पहिल्याच टप्प्यात ती अर्धा तास जागची हलली नाही.

मग मी बसून राहिले. खाली डायपरची गाडी लागली होती. ए.सी. घरघरत होता. काचेतून मला सगळे दिसत होते आणि सगळ्यांना मी दिसत होते, येता-जाता हमाल मान वर करून बघत होते की मॅडम आज काहीच लिहीत नाहीत. माझ्या मनात आलं की सांगून टाकावं, फाइल गेली, संपलं, आता लावायला मेलच उरली नाही, मग मी जाते. मन थोडा वेळ त्यावर रमलं. पण मी या घराला ओळखते. करार गेले म्हणजे उद्या शांपूवाल्यांनी हात वर केले की मामा माझ्याकडे बघणार, तुला आठवत असंल ना काय लिवला व्हता. आणि मला आठवतं. तीच तर अडचण आहे. फाइल गेली तर सगळं फक्त माझ्या डोक्यात उरणार होतं, आणि मग मला कुणी कल्याणला कशाला, माहेरीसुद्धा पाठवलं नसतं.

म्हणून ती फाइल जगणं मला त्यांच्यापेक्षा जास्त हवं होतं. घरी जाताना मी मशीन चालू ठेवलं, दाराला कुलूप लावलं, आणि वॉचमनला बजावलं की कुणालाही वर सोडायचं नाही, धनेशभाऊंना तर मुळीच नाही.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर दुरुस्ती पूर्ण झाल्याचं वाक्य स्क्रीनवर होतं. आता मी मनोजची वाट बघितली नाही. दुरुस्त फाइल मशीनवरच होती, ती मी स्वतः आत घेतली. आयात करा, फाइल निवडा, सगळे फोल्डर, होय, होय, होय. दुपार व्हायच्या आत सगळं परत आलं. काही मेलची अक्षरं चौकोनी झाली होती, काहींच्या जोडलेल्या फाइली गळाल्या होत्या, पण करार होते. पत्त्यांची यादी होती, शेकड्याने नावं, एकही न गळता. मी एक-दोन उघडून बघितली आणि टेबलावर डोकं ठेवून हसले. खालचा सुपरवायझर काळजीने वर बघत होता.

मग धनेशला शेजारी बसवलं. चुकीचं परिमार्जन म्हणून तो फार शहाण्यासारखा वागत होता. मी त्याला मेल कशी उघडायची, उत्तर कसं द्यायचं, कुठल्या फोल्डरात काय असतं ते दाखवलं. गोडाऊनला सुट्टी असली की सगळ्यांना एकदम कळवावं लागतं, म्हणून यादीतली सगळी नावं एकदम कशी निवडायची तेही दाखवलं. तो म्हणाला, हे तर व्हॉट्सॅपच्या ग्रुपसारखंच आहे. मी म्हटलं, तसंच समजा भाऊजी. दोनदा त्याच्याकडून करून घेतलं. पोरगा ढ नाही, लक्ष दिलं तर पटकन शिकतो. मला वाटलं, सुटले.

मामा वर आले तेव्हा त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. धनेशने त्यांना एक जुनी मेल उघडून दाखवली, पहिलं गोडाऊन भाड्याने गेलं त्या दिवसाची. तिला एक फोटो जोडलेला होता. मामा रिकाम्या गोडाऊनमध्ये पांढऱ्या शर्टात उभे, शेजारी नारळ. त्यांनी तो फोटो बराच वेळ बघितला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला म्हणाले, तू नसतीस तर हे सगळं मातीत गेलं असतं. मी पेढा खाल्ला. मला बरं वाटलं, खोटं का बोलू. सहा वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात गेटवरून फोन आला, टीव्हीची गाडी आणि चलान यांचा मेळ बसत नव्हता. मी खाली गेले. ड्रायव्हर यूपीचा होता, तो चलान नाचवत हिंदीत ओरडत होता, सुपरवायझर मराठीत. दोघांना शांत करून, खोकी परत मोजायला लावून, मी वर आले तेव्हा केबिनमध्ये बापलेक परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखे बसले होते.

मामा म्हणाले, नव्या वहीवर पहिलं श्री लिहितात, तसं नव्या कॉम्प्युटरवरून पहिली मेल शुभ जायला पाहिजे. म्हणून त्यांनी एक सांगितली आणि धनेशने लिहिली. धनेश म्हणाला, "वहिनी, सगल्यांना पाठवली. तुमी दाखवला तसाच."

मी पाठवलेल्या मेलमध्ये जाऊन बघितलं. वर दसऱ्याच्या शुभेच्छा होत्या. खाली लिहिलं होतं की आमच्या कंपनीचा संपूर्ण कारभार आजपासून आमच्या सूनबाई सौ. मृणाली देवेश केणे या मॅनेजर म्हणून पूर्ण वेळ पाहतील, आणि सर्वांनी त्यांच्याशीच संपर्क साधावा. पुढे माझा मोबाईल नंबर. त्याखाली चांगदेव केणे.

"मामा, मी सोमवारी जाते आहे," मी म्हटलं. "आपलं ठरलं होतं."

मामा खुशीत होते. त्यांनी हात हलवला. "तुला नोकरीच पायजे ना? ही बघ, मीच दिली. लोकांच्या हाताखाली कशाला मरतंस? हितं तू सायेब. बोर्डावर पन नाव टाकतो."

ते फसवत नव्हते. त्यांनी खरंच दोन दिवस विचार केला होता की ही पोरगी का जाते, आणि त्यांना एकच उत्तर सापडलं होतं, की तिला मान पाहिजे. मग त्यांनी जवळ होता तेवढा सगळा मान काढून माझ्या पुढ्यात ठेवला. मी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, मामा, मी ज्याचं शिक्षण घेतलं ते मला करायचं आहे. ते म्हणाले, हो, हो, शिकलेली आहेस म्हणून तर मॅनेजर केलं. मी मनात म्हटलं, राहू दे. भाडेकरूंना मेल गेली, जाऊ दे. सोमवारी सकाळी मी पडघ्याहून कल्याणची एसटी पकडीन, मग हे काय करायचं ते करतील. देवेशला सांगून ठेवीन की या वेळी वाक्य पूर्ण कर.

आणि मेल यायला लागल्या. नव्या मशीनला टिंग असा आवाज आहे. टिंग, शांपूवाल्यांचं अभिनंदन. टिंग, वीजवाल्या कंत्राटदाराचं अभिनंदन. टिंग, रीमाच्या शाळेचं, तेही अभिनंदन. धनेश प्रत्येक नाव मोठ्याने वाचत होता. शाळेचं नाव ऐकलं आणि मला उमगलं. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. यादीत शाळा होती, गॅसवाला होता, आणि जागच्या जागी ठेवलेला आणखी एक पत्ता होता.

मी धनेशला उठवलं आणि माऊस हातात घेतला. तिथलं उत्तर आलेलंच होतं, विजेच्या कंत्राटदाराच्या खाली. विनिता मॅडमनी चारच ओळी लिहिल्या होत्या. तुझी नवी जबाबदारी कळली, मनापासून अभिनंदन. सोमवारी तू येणार नाहीस हे वेळेत कळवलंस म्हणून आभार, आमची सोय झाली. पुढच्या मुलीला आत्ताच फोन केला, ती तयार आहे. खूप मोठी हो.

मी तिथूनच फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "अगं, तुझ्याच मेलवरून आलं, मालकांच्या नावाने. पूर्ण वेळ, असं स्पष्ट लिहिलं होतं. मी दुसरं काय समजणार?" मी म्हटलं चूक झाली, मी येते आहे, सोमवारी येते आहे. ती मुलगी शहापूरची होती. मॅडमचा फोन गेल्यावर तिने आहे ती नोकरी सोडल्याचं कळवूनही टाकलं होतं. आता तिला नाही म्हणायला मॅडमना जीभ रेटत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही रेटली नसती. पुढे जागा निघाली तर बघू, म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला तरी मी तो कानालाच धरून उभी होते.

मी मामांना सांगितलं. सगळं सांगितलं, सरळ शब्दांत, माझी नोकरी तुमच्या मेलने गेली असं. धनेश खाली बघायला लागला. मामांच्या हातात अजून पेढ्याचा पुडा होता. ते खरोखर घाबरले. असं त्यांना करायचं नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता, कारण वाईट माणसावर निदान ओरडता येतं.

"मंग परत मेल टाक," ते म्हणाले. "चूक झाली म्हून लिव. मी सही करतो. पन लिवायला तुलाच लागंल, आमाला ते जमनार न्हाय."

त्यांनी नजर खाली वळवली, गोडाऊनकडे, जणू तिथे कुणी त्यांना उत्तर सांगणार होतं.

टिंग झालं. टीव्हीवाल्यांची मेल होती. सहा वर्षं मी त्यांना मेल लिहीत होते आणि सहा वर्षं त्यांचं उत्तर 'डिअर सर' म्हणून येत होतं. आज आलं होतं 'डिअर मृणाली मॅडम'. अभिनंदन, आणि खाली काम. मोजलेली खोकी बरोबर भरली होती, पण मॅनेजरच्या नावाने मेल आल्याशिवाय गाडी सोडू नये असं त्यांच्या ऑफिसने ठरवलं होतं. काचेतून खाली तो यूपीचा ड्रायव्हर दिसत होता, गाडीच्या पायरीवर बसून वर बघत. त्याला रात्रीपर्यंत नाशिक गाठायचं असणार.

धनेश म्हणाला, मी लिहू का वहिनी. मी नको म्हटलं. त्याने लिहिली असती तर ती सगळ्यांना गेली असती.

मी खुर्ची पुढे ओढली आणि उत्तर लिहायला घेतलं. खाली नाव लिहायची वेळ आली तेव्हा बोटं सवयीने चांगदेवच्या च वर गेली, मी ते पुसलं, आणि माझं लिहिलं. मामांनी धनेशला खूण केली. पेढ्यांचा पुडा त्यांनी हळूच माझ्या टेबलावर ठेवला.

"बस, बस. तू कर तुजा," मामा म्हणाले. "आमी जातो."

ते दोघे बाहेर गेले, आणि गार हवा वाया जाऊ नये म्हणून मामांनी जाताना दार नीट ओढून घेतलं.